काउंटरच्या फळीची गिटार

मिलिंदच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी बहिणीकडून परत निघून गंगापूरच्या स्टँडबाहेर काळी-पिवळी जीपमध्ये बसलो होतो. गाडी भरायला अजून दोन माणसं हवी होती आणि ड्रायव्हर रस्त्यावर उभा राहून संभाजीनगर, संभाजीनगर म्हणून ओरडत होता. सकाळपासून मी मिलिंदला दोनदा फोन केला होता, त्यानं उचलला नव्हता. त्यामुळे स्क्रीनवर त्याचं नाव दिसल्याबरोबर मी हॅलोसुद्धा न म्हणता सुरू झालो. "तुला किती वेळा सांगितलं, माझ्या तारांना हात लावू नको म्हणून! परत लावलास ना, तर ती गिटार तुझ्याच टाळक्यात घालीन..." पलीकडून आवाज आला नाही. मला वाटलं, हसतोय. तो तसाच हसायचा, आधी नुसता हलायचा आणि मग एकदम ठसका लागायचा. मी त्या ठसक्याची वाट बघत राहिलो. मग बारीक आवाज आला, "भाऊजी, मी सुनंदा बोलते... हे गेले."

सुनंदा वहिनी म्हणजे मिलिंदची बायको. सकाळी अंघोळ करून तो चहाला बसला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझे दोन्ही फोन त्याच धावपळीत वाजले असणार. नवरा गेल्याचं सांगायला फोन केलेल्या बाईला मी पहिली गोष्ट ऐकवली ती टाळक्यात गिटार घालण्याची. वहिनींनी नंतर तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. पण आता काही आठवडे उलटल्यावर मिलिंदवर लिहायला बसलो, तर पेन हातात घेतल्याबरोबर तेच वाक्य कानात येतं. म्हणून आधी तेच लिहून टाकलं. बाकीचं आता सांगता येईल.

मिलिंद आमच्या ऑर्केस्ट्राचा साऊंडवाला. मी गिटारवर. लग्नाच्या वराती, गणपती, जयंतीचे कार्यक्रम, पैठणपासून कन्नडपर्यंतच्या जत्रा, सगळीकडे आम्ही एकाच टेम्पोत मागे स्पीकरच्या खोक्यांना टेकून गेलो. मी गंगापूरकडचा, उसाच्या शेतातून नोकरीसाठी शहरात आलेला. तो संभाजीनगरच्या छावणीतच जन्मलेला, बाप आंबेडकरी जलशात गाणारा. मला कार्यक्रमाआधी घाम फुटायचा, ह्याला माईक हातात आला की अंगात यायचं. 'हॅलो, हॅलो' एवढंच म्हणायचं असलं तरी ते असं म्हणायचा की पुढच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवायचे. नम्रपणा त्याच्या आसपास फिरकला नव्हता. "मराठवाड्यात आवाज कुणाला कळत असंल, तर मला कळतो. बाकीच्यायला नुसता ऐकू येतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. मात्र स्वतःला एकही वाद्य येत नव्हतं. ते तो तितक्याच ऐटीत सांगायचा.

ऑर्केस्ट्रे बसले, डीजे आले. मिलिंदनं छावणीच्या बाजारात दुकान टाकलं. अँप, मिक्सर, माईक, जे बिघडलं असेल ते दुरुस्त करायचं. मी नोकरी करून सुटीच्या दिवशी कुठं बोलावलं तर वाजवायचो. लोक अजून 'मास्टर' म्हणायचे आणि मला ते आवडायचं, हे लपवून काय करू. मग निवृत्तीच्या आदल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. लवकर उपचार मिळाले, वाचा गेली नाही, चालता येत होतं. फक्त डाव्या हाताची शेवटची दोन बोटं माझ्या ऐकण्यातली राहिली नाहीत. शर्टाचं बटण कसंबसं लागायचं, पण गिटारवर कुठलाही साधा कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरायला गेलो की दोन बोटं जागेवर जायची आणि दोन हवेत राहायची. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मी माझी लाल गिटार पलंगाखाली सरकवली आणि कुणी विचारलं की सांगायला लागलो, हल्ली वेळ मिळत नाही.

मिलिंद एक दिवस घरी आला, चहा प्यायला आणि वाकून पलंगाखालून ती लाल गिटार ओढून काढली. "दे इकडं, डॉक्टरकडं न्यायची हाय." मी समजलो, नुसती साफसूफ करून आणेल. दोन दिवसांनी दुकानात गेलो तर तिचं पोट उघडं आणि आतला माल टेबलावर मांडलेला. मी भडकलो. तो सोल्डरचा धूर फुंकत शांतपणे म्हणाला, "हात गिटारला बसंना ना तुझा? मग गिटार हाताला बसवू. लाल तुझी जड हाय, गळाबी लांब. तुला आखूड गळ्याची पायजे, म्हंजे बोटं लांब ताणायची गरज नाय." मी म्हटलं, असली गिटार मिळते कुठं? "मिळत नाय," तो म्हणाला, "म्हणून तर जगात एकच ऱ्हाणार."

आणि खरंच, तसली दुसरी निघायची नाही. तिचा गळा छावणीच्या आठवडी बाजारात, फुटक्या कुकरच्या ढिगात सापडलेल्या एका लहान मुलाच्या गिटारचा. तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप, एक माझ्या लाल गिटारचा आणि दुसरा कुणीतरी दुरुस्तीला टाकून कधीच न नेलेल्या निळ्या गिटारचा. खाली तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, ब्रिज, पैठणच्या एका बँडवाल्याकडचा, जरासा गंजलेला. आवाज कमी-जास्त करायचं एक बटण अँपचं, त्यावर आकडे छापलेले, दुसरं जुन्या ट्रान्झिस्टरचं. तारा पिळायच्या सहा किल्ल्यांपैकी पाच पांढऱ्या, एका घराण्यातल्या. सहावी, सगळ्यात जाड तारेची, सोनेरी. ती उलटी फिरायची आणि धरूनही ठेवायची नाही, सकाळी लावलेली तार संध्याकाळपर्यंत उतरलेली असायची. "एक तरी सोन्याची असू दे," मिलिंद म्हणायचा. राहिलं अंग. त्याला हलकं, सुकलेलं सागवान हवं होतं आणि बाजारातलं कुठलंच लाकूड त्याच्या मनास येईना. एके दुपारी मी गेलो, दुकानात शिरायला काउंटरची फळी उचलावी म्हणून सवयीनं हात पुढं केला, तर हात रिकामाच वर गेला. फळी नव्हतीच. त्यानं ती बिजागरीतून काढून तिच्यावर पेन्सिलीनं गिटार काढून ठेवली होती. बापाच्या वेळचं सागवान, पावसात भिजलेलं नाही, उन्हात तडकलेलं नाही. "आणि आता दुकानात यायला कुणाला वाकायची गरज नाय," वर हे.

चूक मात्र आम्ही दोघांनी मिळून केली, आणि ती असली की आमच्या धंद्यातल्या माणसानं कुणाला सांगू नये. गळ्याच्या मुळापासून ब्रिज किती अंतरावर बसवायचा, हे मी लाल गिटारवर टेप लावून मोजलं आणि मोठ्या ऐटीत आकडा सांगितला. त्यानं बरोबर तेवढ्यावर ड्रिल मारलं. तारा चढवल्या, मोकळ्या छेडल्या, झकास वाजल्या. तार दाबली आणि भलताच सूर निघाला. दुसरी दाबली, तिचंही तेच. सगळी दुपार आम्ही पिकअपला, वायरिंगला, शेवटी त्या गंजक्या ब्रिजच्या पैठणकर मालकाला शिव्या घातल्या. जन्मभर मी वाजवत आलो, हा ऐकत आला, आणि गळा आखूड म्हटल्यावर ब्रिजही पुढं सरकायला हवा, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कळलं तेव्हा तो इतका हसला की ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. मग भोकात काड्यापेटीच्या काड्या, भुसा आणि गोंद भरून नवीन भोकं पाडली. जुनी भोकं अजून दिसतात. दुकानात येईल त्याला तो ती दाखवायचा, "ही दोन मास्टरची." मी म्हणायचो, ड्रिल कुणाच्या हातात होतं? "सांगकाम्याच्या," तो म्हणायचा.

आणि मग सुरू झालं आमचं खरं भांडण. गिटार झाली, हाताला हलकी, मांडीवर बसणारी. गळा आखूड असला तरी माझी दोन बोटं पोचत नव्हती ती नव्हतीच. मी दुकानाच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसून, अँपला न जोडता, जुने कॉर्ड पुन्हा पुन्हा धरून बघायचो. गिऱ्हाईक आलं की गिटार गुपचूप खाली ठेवायचो. मिलिंद हे सगळं बघायचा. एक दिवस मी समोरून चहा घेऊन आलो, गिटार उचलली आणि सवयीनं हात फिरवला तर वेगळंच काहीतरी वाजलं. त्यानं तीन तारा सैल करून ठेवल्या होत्या. एकही बोट न लावता सगळ्या तारा नुसत्या छेडल्या, तरी पूर्ण कॉर्ड वाजत होता, आणि एक बोट आडवं ठेवून सरकवलं की पुढचा. आमच्या ऑर्केस्ट्रात सुरुवातीला एक म्हातारे मास्टर गिटार मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांब फिरवत हवाईयन वाजवायचे, त्यांच्या तारा अशाच लावलेल्या असत. हे मी कधीच विसरलो होतो. ह्यानं लक्षात ठेवलं होतं.

"पयलं बोट तर शाबूत हाय ना तुझं?" तो म्हणाला. "मग एकाच बोटानं वाजव. त्या दोघांना सुटी दे." मला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. मला वाटलं, ह्यानं मला भर बाजारात अपंगांची सायकल देऊ केली. मी मास्टर होतो, आणि हा मला लहान मुलांच्या खेळण्यासारखं एका बोटानं वाजवायला सांगत होता. मी तिन्ही तारा परत ताणून मूळ सुरात आणल्या. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आलो, तर सैल. मी पुन्हा ताणल्या. हे असं महिनोन् महिने चाललं. एकदा चहा लवकर मिळाला आणि मी परतलो, तर साहेब गिटार मांडीवर घेऊन, एक हात सोनेरी किल्लीवर आणि नजर रस्त्याकडे, मी येतोय का बघत होते! पकडल्यावर म्हणतात कसे, "धूळ पुसत होतो."

मिलिंदच्या वस्तीतल्या बुद्धविहारात पौर्णिमेला लोक जमतात, वंदना झाल्यावर गाणी होतात. तिथं येऊन दोन गाणी वाजव, असं त्यानं मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, हात बसू दे. "हात कधी बसायचा?" तो म्हणाला. "तुला वाजवायचं नाय, मास्टर. तुला पयल्यासारखं वाजवायचंय." मला राग आला, कारण ते खरं होतं. लोकांनी मला चुकताना ऐकावं, त्यापेक्षा ऐकूच नये, एवढी माझी लाज मोठी होती. त्यानं परत विचारलं नाही. फक्त तारा सैल करत राहिला.

शेवटच्या संध्याकाळीही तेच झालं असणार. मला दुसऱ्या दिवशी गंगापूरला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून गिटार घरी घेऊन जातो म्हणालो. तो एका मिक्सरवर वाकलेला, "ने की," एवढंच म्हणाला. मधे मी चहा आणायला गेलो होतोच. सकाळी निघायच्या घाईत गिटारची बॅग उघडून बघितलं, तर तारा सैल. ताणायला वेळ नव्हता. चिडून फोन केला, जाताना जीपमधून पुन्हा केला... पुढचं सांगून झालंय.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या वंदनेला, मिलिंदच्या घरापुढं मांडव होता. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, बाजूला मिलिंदचा फोटो, गळ्यात हेडफोन अडकवलेला. भंतेजींच्या मागोमाग सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मीही म्हटलं. मग एकेक जण येऊन मला भेटायला लागला. "तुम्हीच ते गिटारवाले मास्टर? जयभीम. मिलिंदभाऊ लई सांगायचे तुमचं." शेजारची एक बाई म्हणाली, "हात असा झाला तरी काय वाजवतात, ऐकून काटा येतो, म्हणायचे." मला कळेना, हे लोक कुणाबद्दल बोलतायत. ती गिटार झाल्यापासून मी एकाही माणसासमोर एक सूर वाजवला नव्हता. दोन शब्द बोलायला उभा राहिलो, काहीबाही बोललो, आणि खाली बसणार तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मास्टर, गिटार नाय आणली का? त्यांच्या आवडीचं एक होऊ द्या की." मी म्हणालो, "तारा तुटल्यात." खोटं बोलणार नाही, असं घटकाभरापूर्वी हात जोडून मी त्या सगळ्यांबरोबर म्हटलं होतं. मिलिंद समोर असता तर निदान ठसका तरी लागला असता त्याला. फोटोतला तो सरळ माझ्याकडे बघत होता. वहिनीही बघत होत्या.

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. दुकानात लोकांचे अँप, माईक पडलेत, कुणाचं काय ते तुम्हालाच माहीत, जरा या. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि येताना गिटार आणा. ह्यांच्या कपाटात नव्या तारांची पाकिटं सापडलीत." मी गेलो. काउंटरपाशी हात परत रिकामाच वर गेला. वहिनी त्याच्या स्टुलावर बसल्या होत्या, पदराला हात पुसून त्यांनी तारांची पाकिटं टेबलावर ठेवली. मला बॅग उघडावी लागली. सहाच्या सहा तारा जागच्या जागी होत्या.

"तुटल्या नाहीत की," वहिनी म्हणाल्या.

"नाही."

"मग वाजवा."

सोनेरी किल्लीची तार उतरली होती. मी हात लावला आणि थांबलो. उरलेल्या दोन तारा त्यानं सैल केल्या तशाच होत्या. तिन्ही ताणून माझ्या सुरात आणायच्या, का ही एकच त्याच्या सुरात न्यायची? उरलेल्या दोन ताणल्या असत्या, तर त्याच्या हातचं शेवटचं जे होतं तेच मी पुसलं असतं. मी एकच तार लावली, त्याच्या मेळात. अँप चालू केला आणि एक बोट आडवं टाकून, विहारात बाया-मुलं म्हणतात त्यातलं एक साधं गाणं वाजवलं. दोनदा चुकलो. बोट सरकताना तारेचा कर्कर आवाज येत होता. बाजारातली दोन-तीन माणसं थांबून बघायला लागली आणि माझे कान तापले.

"साधंच आहे हो," संपल्यावर वहिनी म्हणाल्या. "ते तर लई भारी म्हणायचे."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात, ते मला त्या स्टुलासमोर कळलं. मी कसंबसं म्हणालो, "वहिनी, त्याला मी कधी काही ऐकवलंच नाही. हे सगळं तो तुम्हाला मनानंच रचून सांगायचा."

"माहीतय मला," वहिनी म्हणाल्या. "रोज घरी येऊन सांगायचे, आज मास्टरनं हे वाजवलं, ते वाजवलं. एकदा मी म्हटलं, एवढं भारी वाजवतात तर एक दिवस मलाबी ऐकवा की. तर हसायला लागले. म्हणले, अजून वाजवलंच नाय त्यानं. वाजवल त्या दिवशी लोकायला सांगता आलं पायजे ना, म्हणून आत्तापासून सराव करतोय."

सराव मी करायला हवा होता, आणि करत होता तो. मला कुणी चुकताना ऐकू नये म्हणून मी ज्या माणसापासूनही माझं वाजवणं लपवून ठेवलं, त्यानं आयुष्यभर माझ्या चुका हेडफोन लावून ऐकल्या होत्या. त्याच्यापाशी लपवण्यासारखं माझं उरलं तरी काय होतं?

"परत वाजवा," वहिनी म्हणाल्या. मी परत वाजवलं. ह्या वेळी एकदाच चुकलो.

येत्या पौर्णिमेला विहारात वाजवायला मी हो म्हणालोय. लाज गेलेली नाही. आतापासूनच हाताला घाम सुटतोय, आणि ज्याला ऐकवायला हवं होतं तो सोडून बाकी सगळे ऐकणार आहेत, ह्याचं काय करायचं ते मला अजून समजत नाही. सध्या रोज संध्याकाळी छावणीत जातो, वहिनींनी दुकानाची चावी माझ्याकडेच दिली आहे. तोपर्यंत ती सोनेरी किल्ली ढिली पडून तार उतरलेली असतेच. ज्या मेळासाठी मी त्याच्याशी इतके महिने भांडलो, तो आता रोज मला माझ्याच हातानं लावावा लागतो. हात आधी नेमका चुकीच्या बाजूला फिरतो, मग आठवतं की ही उलटी आहे. आणि लावता लावता नजर आपोआप रस्त्याकडे जाते, कुणी चहा घेऊन येतंय का ते बघायला.